चाळीस नंबरची जागा

माझ्या नातीचं, प्रितीचं, लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस, महिना डिसेंबर. नायगावच्या एका हॉलमध्ये लागलं. प्रितीची आई नम्रता ही माझी एकुलती मुलगी. मस्कतच्या एका इस्पितळात नर्स आहे. लग्नासाठी तिने वर्षाची सगळी रजा एकदम घेतली आणि संपवली. परत निघायच्या दिवशी ती आईच्या कॉटपाशी बसली होती. मला म्हणाली, "बाबा, आता रजा मिळेपर्यंत मला आई दिसेल ती ह्या कॅमेऱ्यातून. हा बंद पडू देऊ नका. काही झालं तर मला निदान बघता आलं पाहिजे."

"नाही पडू देणार," मी म्हणालो.

कौसल्या, माझी बायको, तेव्हा दीड वर्ष अंथरुणाला होती. झटका आला त्यात उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डावा हात चालायचा, डोळे चालायचे. करी रोडला आमची चाळ होती तिथे आता टॉवर आहे. त्याच्या मागे जुन्या भाडेकरूंसाठी एक अरुंद इमारत बांधली आहे, तिच्यात चौदाव्या मजल्यावर आम्हाला घर मिळालं. आतल्या खोलीत भाड्याने आणलेली लोखंडी कॉट, कॉटच्या समोरच्या भिंतीवर कॅमेरा. तो मान वळवणारा होता. नम्रता तिकडून फोनवर बोट फिरवायची आणि इकडे तो हळू कुरकुरत कौसल्येकडे वळायचा. तो वळला की कौसल्या डाव्या हाताची दोन बोटं उचलायची. तेवढंच त्यांचं बोलणं. दिवसातून चार वेळा, पाच वेळा.

बाबुराव एकदा म्हणाला होता, "सित्या, घरात पण जॉबर बसवलास काय रे? चहा पितानाही बघतो माझ्याकडे."

बाबुराव आणि मी एका मिलमध्ये होतो. जॉबर म्हणजे तिथला मुकादम. तो कॉटन ग्रीनला राहतो. दर मंगळवारी सकाळी यायचा.

कॅमेरा बसवला हर्षवर्धनने, नम्रताच्या मुलाने. तो पुण्याला कंपनीत आहे. बसवताना त्याने मला समजावलं होतं की घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला वायफायचा डबा एक नंबर देतो. आज हा, उद्या तो, जो मोकळा असेल तो. पण कॅमेऱ्याचा नंबर बदलत राहिला तर त्याने लावलेलं रेकॉर्डिंग तुटतं, म्हणून कॅमेऱ्याला तो कायमचा नंबर देणार होता.

"कोणता देऊ, आजोबा?"

"चाळीस दे," मी म्हणालो. मिलमध्ये माझ्या फ्रेमवर, सूत काढायच्या मशीनवर, चाळीस नंबरचं सूत निघायचं.

आकडे मला आधीपासून येत होते. सुताचे नंबर, फ्रेमचे नंबर, बिल्ल्यावरचा नंबर. अक्षरं आली बावन्नाव्या वर्षी, मिल बंद झाल्यावर. कौसल्या चौथी शिकलेली होती, तिने शिकवलं. मी शेंगदाण्याच्या पुडीचा कागद सरळ करून वाचायचो आणि ती भाकरी थापता थापता चुका काढायची. "तो भ आहे, म नाही. डोकं बघा त्याचं." इंग्रजी अक्षरं आणखी पुढे, हर्षच्या बालवाडीच्या पुस्तकावरून आली. फक्त दोन इंग्रजी शब्द मला अक्षरांच्या आधीपासून चित्रासारखे ओळखता यायचे. स्टार्ट आणि स्टॉप. ते मशीनवर होते.

फेब्रुवारीच्या एक तारखेला, गुरुवारी, वायफायचा डबा गरम होऊन बंद पडला. दुपारी फायबरवाला आला, नवा डबा लावून गेला. नाव आणि पासवर्ड त्याने जुनेच ठेवले. टीव्ही लागला, माझा फोन लागला. कॅमेरा लागला नाही.

"तो आमचा नाही काका," फायबरवाला म्हणाला. "ज्याने बसवला त्याला विचारा."

त्याच आठवड्यात डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी छातीला नळी लावून तपासलं आणि जिन्यापाशी मला सांगितलं की इस्पितळात न्यायचं तर न्या, पण आता दिवसच मोजायचे आहेत. मी नेलं नाही. नम्रताला दहा तारखेची रजा मिळाली होती, तिकीट काढलेलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला. "बाबा, काळं दिसतंय."

"डबा बदललाय. उद्या करतो."

"फोन धरून दाखवाल का जरा?"

मी फोन धरला. माझा हात कापतो, त्यामुळे तिला आईपेक्षा पंखाच जास्त दिसला. ती म्हणाली, "असू दे बाबा. उद्या करा."

शुक्रवारी हर्षने ऑफिसमधून जेवणाच्या सुट्टीत फोन केला. मी डबा मांडीवर घेऊन, फोनचा स्पीकर लावून बसलो.

"आजोबा, झालंय काय, कॅमेरा अजून जुन्या डब्याचा नंबर धरून बसलाय. नव्या डब्याचा पत्ता वेगळा आहे. आपण डब्याचाच पत्ता बदलून जुना करायचा. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. क्रोम उघडलंत?"

"उघडलं."

"वर लिहा. एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, शून्य, टिंब, एक."

मी लिहिलं.

"काय आलं?"

"इंग्रजी आलं."

"हो, पण काय इंग्रजी?"

"सगळंच रे. तुझी आई वाचेल तेवढं."

तो हसला. पासवर्ड डब्याच्या पोटावर चिकटवलेल्या कागदावर होता. मी भिंग घेऊन एकेक अक्षर लावलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा उघडलं. मग त्याने एल, ए, एन अशी तीन अक्षरं शोधायला सांगितली. ती सापडायला वेळ लागला. त्याच्या मागे कोणीतरी त्याला हाक मारत होतं, आणि तो त्यांना "दोन मिनिटं, आजोबांचा कॉल आहे" असं सांगत होता.

"सापडलं."

"तिथे डब्याचा पत्ता असेल. तिसरा आकडा शून्य आहे ना? तो खोडा, एक करा. सेव्ह दाबा."

दाबलं. पान गेलं. वायफायची खूणही गेली.

"सगळं गेलं रे."

"जाणारच. डबा नव्या पत्त्यावर राहायला गेला."

"ट्रान्झिट कॅम्पात? चाळ पाडल्यावर आपण गेलो तसा?"

"नाही हो, जुन्या जागेवर परत आला. आता परत लिहा, शून्याच्या जागी एक."

मी लिहिलं. पान पुन्हा आलं. आतल्या खोलीतून कॅमेऱ्याचा आवाज आला. चालू होताना तो एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान फिरवून बघतो. मी तिथूनच ओरडलो, "कौसल्ये, लागला गं."

"अजून एक राहिलंय आजोबा," हर्ष म्हणाला. "खाली दोन चौकोन असतील. स्टार्ट आणि एंड. पहिल्यात शंभर घाला, दुसऱ्यात दोनशे. सेव्ह करा. हे विसरू नका हां. मला बोलावतायत, मी ठेवतो."

त्याने फोन ठेवला. मी चौकोन बघितले. स्टार्ट लगेच ओळखू आला. पहिल्यात दोन होते, दुसऱ्यात दोनशे चोपन्न. दोनपासून दोनशे चोपन्न. मला वाटलं, हे डब्याचं हजेरीपुस्तक आहे. एवढ्या नंबरांची माणसं ह्या गेटातून आत घ्यायची, असं त्यात लिहिलेलं असणार. आणि हर्ष म्हणतो शंभरपासून कर. मग आमचा चाळीस नंबर बाहेर राहिला की! मस्टरवर नंबर नसेल तर गेटवरचा पहारेकरी सख्ख्या भावाला आत सोडत नाही, हे मी तीस वर्षं बघितलेलं. पोरगं घाईत होतं, ऑफिसात चार माणसं त्याला ओढत होती, चुकून बोलून गेलं.

मी दोन तसेच ठेवले. दोनशे चोपन्नही तसेच ठेवले.

संध्याकाळी हर्षचा मेसेज आला, शंभर ते दोनशे केलं ना? मी टाइप केलं, झालं. मी खोटं बोलतोय असं मला वाटलं नाही. पोराची चूक मी त्याला न दुखावता सुधारली, असं वाटलं.

शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार कॅमेरा चालला. नम्रता रोज बघत होती. कौसल्येला आता बोटं उचलणं जड जात होतं. कॅमेरा वळला की ती एक बोट चादरीवरच थोडं सरकवायची. सोमवारी नम्रता फोनवर म्हणाली, "दिसलं मला, बाबा. बोट हललं." शनिवारी, दहा तारखेला, मी येईपर्यंत आई थांबेल का, असं तिने विचारलं नाही. ती नर्स आहे. तिला कळत होतं.

मंगळवारी सकाळी इरावती आली. ती इमारतीतल्या आजारी माणसांचं करते. तिने कौसल्येचं अंग पुसलं, कूस बदलली, आणि जाताना म्हणाली, "बाबा, आज श्वास वेगळा वाटतोय. वाफ देऊन बघा."

कॉटजवळ दोनच सॉकेट आहेत. एकावर हवेच्या गादीचा पंप. तो काढता येत नाही, गादी बसते. दुसऱ्यावर कॅमेरा. मी कॅमेऱ्याची पिन काढली आणि वाफेचं मशीन लावलं. रोज लावायचो ते नम्रता बघत नसेल अशा वेळी. त्या दिवशी वेळ बघितली नाही.

मशीन चालू असतानाच बाबुराव आला. दाराशीच चपला काढत म्हणाला, "सित्या, लिफ्टमध्ये तो टॉवरवाल्यांचा कुत्रा होता. आपल्या लिफ्टमध्ये! त्यांची बंद आहे म्हणे. कुत्र्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच घुसखोर." मग आतल्या खोलीत येऊन त्याने कौसल्येकडे बघितलं. स्टूल ओढून बसला. त्याचा फोन आमच्याकडे आला की आपोआप वायफायला लागतो. खिशात त्याचे मेसेज वाजायला लागले. त्याने फोन काढून आवाज बंद केला आणि परत ठेवला.

दहा मिनिटांनी वाफ संपली. मी मशीनची पिन काढली, कॅमेऱ्याची लावली. दिवा लागला. कॅमेऱ्याने डावीकडे, उजवीकडे मान फिरवली आणि समोर बघत थांबला. दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे, ते मी पाहिलं नाही. लुकलुकला तर तो जोडलेला नसतो, हे मला माहीत नव्हतं.

साडेनऊनंतर श्वासांमधलं अंतर वाढलं. मी कॉटच्या कडेला बसून तिचा डावा हात धरला. बाबुराव म्हणाला, "नमीला फोन लाव."

"ती बघतेय," मी म्हणालो. "ह्या वेळेला बघतेच ती."

कौसल्येचे डोळे कॅमेऱ्याकडे होते. मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणालो, "नमे, बघ. आई चालली." कॅमेरा हलला नाही. मला वाटलं, नमी मान न वळवता नुसती बघत असेल. रडत असेल. मी पुन्हा म्हणालो, "तुझ्या आईला त्रास नाही गं. हात गरम आहे." मग कौसल्येला सांगितलं, "नमी बघतेय हां." तिने बोट हलवलं की माझाच हात हलला, ते मला सांगता येणार नाही.

बाबुराव उठून उभा राहिला. हळू आवाजात त्रिसरण, बुद्धं सरणं गच्छामि, म्हणायला लागला. त्याचं तिसऱ्यांदा म्हणून व्हायच्या आत श्वास थांबला. मी घड्याळ बघितलं. नऊ बावन्न.

मी नमीला फोन लावला नाही. तिने पाहिलंय, ती सावरून करेल, असं मनात होतं. मी बसून राहिलो. बाबुरावने खिडकी उघडली, खाली जाऊन डॉक्टरांना फोन करतो म्हणाला आणि गेला. सव्वादहाला फोन वाजला.

"बाबा, कॅमेरा का बंद आहे? आत्ता राउंड संपला. तुमच्या नऊपासून तीनदा उघडला, नुसतं काळं. आई कशी आहे?"

मी काय बोललो ते मला आठवत नाही. "गेली" एवढंच बोललो असेन. मग तिने नर्सच्या आवाजात विचारलं, "किती वाजता?"

"नऊ बावन्न."

"बरं," ती म्हणाली.

गुरुवारच्या आधी विमान मिळत नव्हतं. तिनेच सांगितलं, आईला बर्फावर ठेवू नका, आटपा. हर्ष दुपारी पुण्याहून आला. संध्याकाळी भोईवाड्याच्या स्मशानात आम्ही उरकलं.

बुधवारी सकाळी हर्ष माझ्याजवळ जमिनीवर बसला आणि फोनवर डब्याचं पान उघडलं. नम्रताने त्याला विचारलं होतं, कॅमेरा का बंद होता ते बघ. त्याने थोडा वेळ बघितलं.

"आजोबा, तुम्ही शंभर ते दोनशे केलं होतं ना?"

"नाही."

"मेसेजमध्ये तर..."

"केलं नव्हतं. चाळीस बाहेर राहिला असता म्हणून ठेवलं तसंच."

त्याने फोन मांडीवर ठेवला. पोरगं रागावलं नाही. रागावायला हवं होतं. सावकाश म्हणाला, "आजोबा, ही सगळ्यांची यादी नाही. डबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ह्यातले नंबर वाटतो. ज्याला कायमचा नंबर दिलाय त्याला ह्याच्या बाहेर ठेवायचं असतं. नाहीतर तो जरा बंद झाला की त्याचा नंबर दुसऱ्याला जातो. तो परत आला की जागाच नसते. एका नंबरावर दोघं, कोणाचंच नीट चालत नाही." मग यादीवर बोट ठेवून त्याने विचारलं, "कॅमेरा काल काढला होता का?"

"वाफेसाठी. दहा मिनिटं."

"तेव्हाच नऊ वाजून चार मिनिटांनी चाळीस नंबर दुसऱ्या फोनला दिलाय. हा कोणाचा?"

त्याने फोनच्या कंपनीचं नाव वाचलं. मी ओळखलं. "बाबुरावचा."

मला सगळं कळलं. हर्षने आणखी सांगायची गरज नव्हती. ते हजेरीपुस्तक नव्हतं. ती बदलीवाल्यांची, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी चढायला थांबलेल्यांची, रांग होती. मी सहा वर्षं त्या रांगेत उभा राहिलो आहे, सकाळी भोंग्याच्या आधी, हातात बदली कार्ड घेऊन. बाबुराव तर मिल बंद होईपर्यंत उभा राहिला. कायमचा माणूस त्या रांगेत कधी उभा नसतो. तो सरळ आत जातो. आणि कायमचा माणूस दहा मिनिटं उशिरा आला तर जॉबर रांगेतल्याला त्याच्या फ्रेमवर चढवतो, आणि मग पाळी संपेपर्यंत कोणी त्याला खाली उतरवत नाही. दत्ताराम म्हणून एकजण होता. मी पहिल्यांदा फ्रेमवर उभा राहिलो ते त्याच्या जागेवर. तो धावत आला, दारातून माझ्याकडे बघितलं, आणि परत गेला. मी मान वर केली नाही.

हे मला शुक्रवारी आठवायला हवं होतं.

हर्षने शंभर आणि दोनशे घातले, सेव्ह केलं. कॅमेऱ्याची पिन काढून परत लावली. तो चालू झाला. तेवढ्यात कॉटवाला आला. हमालाने कॉटचे दोन भाग केले, गादीतली हवा सोडली आणि सगळं लिफ्टने खाली नेलं. खोली एकदम मोठी दिसायला लागली.

मी दारात उभा होतो तेव्हा कॅमेरा कुरकुरला. मस्कतहून तिने उघडला असणार. तो कॉटच्या जागेकडे वळला. मग दाराकडे वळला. मी बाजूला झालो. तो परत कॉटच्या जागेकडे गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

नम्रता गुरुवारी दुपारी आली. बॅग ठेवली, हात-पाय धुतले, चहा केला, सगळ्यांना दिला. हर्ष खाली कौसल्येच्या जलदान विधीच्या सामानाची यादी घेऊन गेल्यावर ती माझ्यासमोर बसली.

"हर्ष म्हणाला लाइटचा प्रॉब्लेम होता."

"लाइटचा नव्हता. त्याने मला आकडा सांगितला होता. मी घातला नाही. मला वाटलं मला जास्त कळतं."

तिने कपातली साय चमच्याने बाजूला केली. आईची सवय.

"त्या वेळी आईशी कोण बोलत होतं?"

"मी. पण तिच्याशी थोडंच बोललो. तुझ्याशीच बोलत होतो, कॅमेऱ्याकडे बघून. तू बघतेयस असं वाटलं."

"काय म्हणालात?"

मी सांगितलं. जसं बोललो होतो तसं, शब्द न बदलता. हात गरम आहे, तेही सांगितलं.

"आणि आई?"

"तिला सांगितलं, नमी बघतेय."

नम्रता उठली. आतल्या खोलीत गेली, कॅमेऱ्याची पिन काढली आणि वायर गुंडाळून कपाटात ठेवली. बाहेर येऊन तिने माझा कप उचलला. "थंड झाला," म्हणाली, आणि पुन्हा गरम करायला ओट्याशी गेली. तिची पाठ माझ्याकडे होती. मी तिथेच बसून राहिलो.

कौसल्या सीताराम गमरे, वय एकाहत्तर, मंगळवार, सहा फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी सकाळी नऊ वाजून बावन्न मिनिटांनी करी रोडच्या राहत्या घरी वारली. जवळ मी आणि बाबुराव होतो. तिची मुलगी बघत नव्हती.